अक्कानं आखलेल्या रेघा

मार्च लागला की आमच्या शाळेतली मुलं एकाएकी शहाणी दिसायला लागतात. वर्षभर ज्यांच्या केसांना तेलाचा थेंब ठाऊक नसतो ती भांग पाडून येतात, वाटेत दिसली की बाईंना नमस्कार करतात, आणि ज्या देवळाच्या कट्ट्यावर गोट्या खेळायची त्याच देवळात शिरून घंटा वाजवतात. मी सातवीला मराठी शिकवते. या दिवसांत रोज एक निबंध लिहून घेते आणि संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा घेऊन सोप्यात बसते. गावाबाहेरची गुऱ्हाळं आता बंद होत आलेली असतात, तरी वारा फिरला की चुलवाणाचा गोडसर, थोडा करपट वास पेठेपर्यंत येतो.

निबंधाची सुरुवात सगळ्यांना येते. मधला भागही मुलं कसाबसा रेटतात. शेवटाशी आली की घोडं पेंड खातं. मग विषय पोस्टमन असो, पंचगंगेचा घाट असो, नाहीतर आवडता सण असो, शेवटच्या ओळीत सगळ्यांनी कशावर तरी प्रेम केलेलं असतं किंवा कशापासून तरी बोध घेतलेला असतो. मी समासात लाल शाईनं लिहिते, ‘शेवट ओढून आणलेला.’ लिहिते आणि मनातल्या मनात ओशाळते. मी अधूनमधून मासिकांना लेख पाठवते, आणि एका संपादकांनी लेख परत करताना हेच मला कळवलं होतं. बाई, आपण लिहिता बरं, पण शेवट गोड करण्याची आपणांस फार घाई असते.

त्यांना कुठं ठाऊक, की मी आयुष्यात लिहिलेली पहिली गोष्ट म्हणजे एक शेवटच होता. सुरुवात आणि मधला भाग दुसऱ्या कुणी लिहिलेला होता.

आमचे आबा संस्थानच्या दफ्तरखान्यात कारकून होते. मोडीचे जाणकार. मोडी लिहिणारा माणूस आधी कागदभर आडव्या रेघा ओढून घेतो आणि मग त्या रेघांना अक्षरं लटकवत जातो. आबांची रेघ पट्टी न लावता या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जायची. त्यांनी आम्हा दोघी बहिणींना बाळबोध अक्षरही त्याच पद्धतीनं शिकवलं. आधी रेघ, मग अक्षर. शाळेतल्या मास्तरांना हे उफराटं वाटायचं. पण आबांपुढं मास्तरांचं काय चालणार? अक्का, म्हणजे माझ्याहून सहा वर्षांनी मोठी बहीण, तर पत्राला बसली की आधी अख्ख्या कागदाच्या रेघा आखून ठेवायची. किती मजकूर होणार याचा अंदाज बिंदाज काही नाही. म्हणायची, “रेघा वडून ठेवल्या की बोलायला सुचतं गं.”

आबांचा आणखी एक नियम होता. मजकूर संपला आणि कागदावर जागा उरली, तर ती कोरी सोडायची नाही. मजकुराखाली दोन आडव्या रेघा मारून जागा बंद करायची. कोऱ्या जागेत मागाहून कुणीही काहीही घुसडतं आणि मग वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतात. दफ्तरातले असले वाद ते जेवताना सांगायचे. आई म्हणायची, “गप जेवा आता, भाकरी गार हुतीय.”

अक्का आजऱ्याला दिली होती. भाताचं गाव. तिथून वर्षाला एकदा घनसाळ जातीचे वासाचे तांदूळ यायचे आणि ते शिजत ठेवले की शेजारपाजारचे दार ठोठावायचे. मी सातवीला, फायनलच्या वर्षाला होते त्या हिवाळ्यात तांदळाबरोबर तिची चिठ्ठी आली. जीव दमलाय, महिनाभर तिकडे येऊ का, एवढंच विचारलं होतं. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिनं मला समोर बसवलं आणि सांगितलं, “लिव्ह. सुमीची परीक्षा हाय. आत्ता आलीस तर दोघी रातभर बोलत बसशीला. परीक्षा झाल्यावर ये, मग हवं तर पाऊस लागंस्तवर ऱ्हा.” मी लिहिलं. लिहिताना मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. बरंच वाटलं. अक्का आली असती तर माझी खिडकीजवळची जागा तिला द्यावी लागली असती.

मार्च उजाडला. त्याच महिन्यात संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. आबा कचेरीतून घरी आले की टोपी खुंटीला लावून नुसते बसून राहायचे. मोडीचं आता काय होणार, असं कुणी विचारलं की म्हणायचे, “रुमाल बांधून ठेवायचं काम हाय अजून.” जुने कागद ज्या कापडात बांधून ठेवतात त्याला रुमाल म्हणतात. लिहिणाऱ्या माणसाच्या हाती आता गाठी मारायचं काम उरलं होतं.

आणि एका रविवारी आजऱ्याहून माणूस आला. अक्काला मुदतीचा ताप होता, आणि आता काही खरं नाही. आई-आबा मिळेल त्या सर्व्हिस गाडीनं निघाले. मला शेजारच्या काकूंकडे ठेवलं, कारण सोमवारी माझा पहिला पेपर. मंगळवारी मी पेपर देऊन आले तेव्हा काकूंनी न मागता माझ्या भातावर तूप वाढलं. काकूंचा हात तुपाच्या बाबतीत कसा आहे हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं. मी ते तूप बघितलं आणि मला कळलं. भात खाल्ला, ताट उचललं, आणि दुसऱ्या दिवशीच्या भूगोलाची उजळणी केली. जगातल्या वाऱ्यांचे प्रकार मला अजून पाठ आहेत.

लोक म्हणतात दुःखानं माणूस कोसळतं. मी कोसळले नाही. मी सगळे पेपर सुवाच्य अक्षरात लिहिले आणि मला चांगले गुण पडले. गुण कळले तेव्हा मला स्वतःची थोडी किळस आली, पण तीही फार वेळ टिकली नाही. दात काढताना हिरडी बधिर करतात ना, तसं आतून झालं होतं. हात लावला तर आपलाच गाल, पण लागत काही नाही.

महिन्याभरानं दाजी अक्काची ट्रंक घेऊन आले. तिची लुगडी, आमच्याकडची पितळी करंडी, आणि एक पत्र. ताप यायच्या दिवशीच ती ते लिहायला बसली होती. “लिहिता लिहिता उठली ती परत बसलीच नाही,” दाजी म्हणाले, आणि चहा न घेता गेले. पत्र आईला होतं. पहिलं पान भरलेलं. पाठपोट लिहायची तिची पद्धत, म्हणून मागल्या पानावरही रेघा आखून ठेवलेल्या. त्या पानाच्या मध्यावर मजकूर एका वाक्यात अर्धाच थांबला होता. त्याखाली सात रेघा होत्या. टोकापासून टोकापर्यंत सरळ, आणि एकीलाही अक्षर नाही.

आईनं मला वाचायला सांगितलं. दुपारची वेळ, आबा कचेरीत. मी वाचत गेले. म्हैस व्याली, सासूबाईंचा गुडघा, तांदूळ पुरवून खा, सुमीला सांग तेल लावत जा. आई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती, पण ती कशाची वाट बघतेय ते मला दिसत होतं. आम्ही येऊ नको म्हटलं, त्याचं अक्कानं काय मनाला लावून घेतलं होतं? संबंध पत्रात त्याचा उल्लेख नव्हता. मी त्या अर्ध्या वाक्यापाशी पोचले आणि थांबले.

“फुडं?” आई म्हणाली.

“पुढं…” मी कागदाकडे बघितलं. त्या रिकाम्या रेघा समोरच होत्या. “पुढं लिहिलंय, आई, तू म्हणालीस तेच बरोबर. परीक्षा झाल्यावरच येते. माझा राग नाही. उगीच मनाला लावून घेऊ नको.”

माझ्या तोंडून हे इतकं सहज आलं, की मीच क्षणभर कागदावर ते शोधलं. आईनं पदर तोंडाला लावला. अक्का गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती. बऱ्याच वेळानं डोळे पुसून ती म्हणाली, “उद्या काकूंकडनं परत एकदा वाचून घेतो. त्या कशा सावकाश वाचत्यात.”

काकूंना चार बुकं येत होती. त्या सावकाश वाचणार आणि सावकाश त्या अर्ध्या वाक्याशी येऊन थांबणार. मग आईला काय कळेल? एवढंच, की अक्कानं काही म्हटलं नाही, आणि धाकटीनं थाप मारली. आई पाणी भरायला गेल्यावर मी दौत-टाक काढलं आणि अक्काच्या रेघांना माझी अक्षरं लटकवली. अक्काचा ‘र’, अक्काची वेलांटी, सगळं. एकाच माणसानं शिकवलेलं अक्षर, त्यामुळं फार खटपट करावी लागली नाही. बोललेलं सगळं लिहिलं आणि सातवी रेघ भरायला ‘बाकी भेटीअंती’ असंही घातलं. भेटीअंती! मेलेल्या माणसाच्या नावानं मी तेही लिहिलं.

आईला पटलं होतंच, दुसऱ्या दिवशी काकूंनाही पटलं. आबांना कसं पटणार? जन्मभर ते खोटी कागदपत्रं निवडत आलेले. संध्याकाळी आईनं पत्र त्यांच्या हाती दिलं. त्यांनी एकदा वाचलं, मग उठून खिडकीशी गेले आणि कागद उजेडापुढं तिरका धरला. आमच्या घरची शाई जरा निळसर होती. मी दाराशी उभी होते. आबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता मारतील. त्यांनी कधी मारलं नव्हतं, पण असा गुन्हाही मी कधी केला नव्हता. आई चुलीपुढं होती. आबांनी दौत मागितली. मी दिली. त्यांनी सातव्या ओळीच्या खाली, काठाजवळ उरलेल्या बोटभर जागेत, दोन रेघा मारल्या, माझ्यासाठी म्हणून हळू आवाजात म्हणाले, “लिहायचं ते लिहून झालं न्हवं? मग आता जागा ठिवायची न्हाय,” आणि कागद वाळवून आईच्या हाती दिला. त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी हा विषय काढला नाही.

ते क्षमा करत होते की शिक्षा देत होते, मला आजही सांगता यायचं नाही. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. नंतर हळूहळू लक्षात आलं, की जागा बंद झाली म्हणजे मलाही काही बदलता येणार नाही.

कारण आईनं ती वाक्यं उचलली. पोळपाटाशी, पाण्याच्या नळावर, हळदीकुंकवाला, कुठंही. “माझी लेक बघा, जाता जाता सांगून गेली, राग न्हाय म्हणून.” म्हैस आणि गुडघा विसरला गेला. तेल लावत जा हेही विसरलं गेलं, आणि ते तर माझ्यासाठी होतं. अक्काचं जे खरं होतं ते सगळं झिजलं आणि माझं खोटं तेवढं लख्ख राहिलं. दरवर्षी परीक्षेचे दिवस आले की आई ट्रंकेतून पत्र काढायची आणि मी वाचून दाखवायची. माझ्या ओळींशी आले की माझा आवाज सपाट व्हायचा. आईला वाटायचं मला भरून येतंय. ती माझ्या पाठीवरून हात फिरवायची. मला त्या हाताचं काहीच वाटायचं नाही, आणि वाटत नाही याचं तेवढं वाटायचं.

आमच्याकडे संपणं तोंडानं म्हणायचं नसतं. डब्यातले तांदूळ संपत नाहीत, वाढतात. दिवा विझवत नाहीत, त्याला निरोप देतात. आई हे सगळं कसोशीनं पाळायची. शेवट झाकून ठेवायची ही सवय आमच्या घराघरात आहे, तेव्हा माझ्या थापेत नवल ते काय, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं. पण तांदूळ वाढले म्हटलं तरी बाई डबा उपडा करून पुसते आणि बाजाराला माणूस पाठवते. आत काय आहे ते तिला पक्कं ठाऊक असतं. माझ्या आईला मी डबाच बघू दिला नव्हता.

मी शिक्षिका झाले. आबा तीन वर्षांपूर्वी गेले. शाळांतून मोडी उठली आणि त्यांचे बोरू मी एका जुन्या धोतराच्या कापडात बांधून ठेवले. त्यांच्या वर्षश्राद्धानंतर आई एके दिवशी माझी जुनी पाटी शोधत होती. तालमीच्या माडीवर बायकांसाठी लिहायला-वाचायला शिकवायचा वर्ग निघाला होता. मला वाटलं, बरं झालं, तेवढाच वेळ जाईल. पन्नाशीला आलेली माझी आई पाटी पदराखाली लपवून जायची, आणि परत आली की भाजी चिरता चिरता ‘कमळ, गवत’ करत बसायची. मी तिची थट्टाही केली. “आई, यंदा फायनलला बसतेस काय?”

“फायनल घाल चुलीत,” ती म्हणाली. “जोडाक्षरं कवा शिकवत्यात ते सांग. ‘अक्का’ लिवाय जोडाक्षर लागतंय की.”

तेव्हा माझं हसू आटलं. ती पत्रासाठी शिकत होती.

गेल्या वर्षी याच दिवसांत, शनिवारी दुपारी, मी वह्या तपासत होते. आई पत्र घेऊन आली आणि माझ्यासमोर पाट मांडून बसली. “तू बोलू नकोस. आज मी वाचणार.” कागद आता घडीवर फाटायला आला होता, दोन्ही शाया एकसारख्या तपकिरी झाल्या होत्या. तिनं पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. ‘तीर्थरूप’शी पाच मिनिटं गेली. मग वाट सापडली. म्हैस आली, गुडघा आला. पहिलं पान व्हायला अर्धा तास लागला, पण दर शब्दाला तिचा चेहरा असा उजळत होता, जसं काही अक्का आत्ताच दारातून बोलतेय. वर्षानुवर्षं मी वाचलेलं तिनं ऐकलं होतं, पण आज पहिल्यांदा मधे कुणी नव्हतं. ‘सुमीला सांग तेल लावत जा’ वाचून ती हसली. “बघ, तवापास्नं सांगतीया.”

तिनं पान उलटलं. मी तिचं बोट बघत होते. ते एकेका रेघेखालून सरकत मध्यावर चाललं होतं. तिला फरक कळणार नव्हता. नवशिक्या डोळ्यांना अक्षर तेवढं दिसतं, हात दिसत नाही. मी गप्प बसले असते तर ती आपल्या तोंडानं, आपल्या कष्टानं, माझी थाप वाचणार होती. लेकीचा शब्द वाचायला शिकले म्हणून जन्मभर त्याच अभिमानात राहणार होती. तिला तेवढं सुख राहू द्यावं असंही मला वाटलं. फार वाटलं. पण तिनं त्या पाटीवर महिनोन्‌महिने गिरवलं होतं ते अक्काला गाठायला, मला गाठायला नाही.

“तेव्हा,” आईनं वाचलं आणि बोट पुढं नेलं.

मी तिचं मनगट धरलं. “आई, थांब. अक्काचं इथपर्यंतच आहे.”

“आनि ह्ये?”

“हे माझं. मी लिहिलंय. तू ‘फुडं?’ म्हणालीस, आणि पुढं काही नव्हतं.”

रस्त्यावरून घंटा वाजवत एक सायकल गेली. आई कागदाकडे बघत राहिली. रडली नाही, माझ्यावर ओरडलीही नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

“आबास्नी म्हाईत व्हतं?”

“होतं.”

“म्हंजी रागाचं तिनं काय लिव्हलंच न्हाय?”

“नाही.”

“राग हाय असं न्हाय, आनि न्हाय असं बी न्हाय?”

“काहीच नाही, आई.”

तिनं माझ्या हातातून मनगट सोडवून घेतलं. माझ्या सात ओळींवरून बोट उचललं आणि परत वर, अक्काच्या शेवटच्या ओळीच्या सुरुवातीला नेऊन ठेवलं. पुन्हा एकेक अक्षर लावत तिनं ते अर्धं वाक्य वाचलं. ‘मागच्या परड्यात काजू भाजायला घातले आहेत, धूर फार होतोय, तेव्हा’.

मग अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, “उठली असंल मग. काजू करपाय लागलं असतील.”

मी त्यात काही भर घातली नाही.